पायांसकट तपासणी

४ फेब्रुवारी

नऊशे बारा! काल नऊशे सात होते. एका दिवसात पाच?

महाराणीच्या त्या एका शोधनिबंधाचा दाखला आजवर नऊशे बारा जणांनी आपापल्या निबंधांत दिलाय. माझ्या सगळ्या निबंधांची सायटेशन्स मिळून एकशे अठरा. त्यातली अकरा माझी मीच दिलेली.

नवरा चहा घेऊन मागे येऊन उभा. "शेअर बाजार उघडला वाटतं?" म्हणे. लॅपटॉप मिटला.

७ फेब्रुवारी

आमच्या संधिवात विभागाच्या प्रमुखपदाची जाहिरात आली. एकोणीस वर्षं इथे घासली, ती याच खुर्चीसाठी. अर्ज दोनच येणार, हे शिपायालासुद्धा माहीत आहे. एक माझा, एक तिचा. ती आता दुसऱ्या गावातून येणार, आयत्या बिळावर नागोबा!

डीन म्हणाले, "हल्ली समिती सायटेशन बघते, मॅडम. मी काय करणार?"

एका खोलीत राहायचो आम्ही. एकाच टेबलाच्या दोन बाजूंना बसून अभ्यास. महाराणी हे नाव मीच ठेवलेलं. तेव्हा लाडाने.

८ फेब्रुवारी

तिचा निबंध परत वाचला. काय एवढं मोठं आहे त्यात? रुग्ण आला की आम्ही सगळे अठ्ठावीस सांधे चाचपतो. खांदे, कोपरं, मनगटं, हाताची बोटं, गुडघे. पाऊल त्यात येतच नाही. हिने पावलंही तपासायची ठरवली आणि लिहिलं, नव्या औषधाने पायांसकट सूज गेली. बस. एवढ्यावर नऊशे!

मी आहे शेवटी, आभारात, चौथ्या ओळीत. "रुग्णतपासणीत साहाय्य." साहाय्य!! सहा महिने दुपारच्या ओपीडीत मान मोडून काम केलं. एकेका दुपारी साठ-साठ माणसं. ती अभ्यासाच्या आज या केंद्रावर, उद्या त्या.

हो, पोटात दुखतं माझ्या. लिहून टाकलं. जरा बरं वाटलं. जराच.

१५ फेब्रुवारी

नऊशे सव्वीस.

१९ फेब्रुवारी

आज ओपीडीत एक निवृत्त पोस्टमन आले, माझे जुने रुग्ण. चालताना पाय दुखतात म्हणाले. मोजे काढायला लावले, तर दोन्ही पायांची बोटं वाकडी. एक्स-रेत हाडं कुरतडलेली, तीही आजची नाहीत, चांगली दहा-बारा वर्षांची.

"तुमच्या त्या औषधाच्या अभ्यासात होतो की मी! सूज गेली म्हणून सांगितलं होतं तेव्हा."

पाय बघितले होते?

"छे हो! बूट कधी काढायलाच लावले नाहीत. हात बघायचे, गुडघे दाबायचे, की झालं."

मला आनंद झाला. एक माणूस समोर वाकडी बोटं घेऊन बसलाय आणि मला आनंद! लाज वाटायला हवी होती. वाटली नाही. पायांसकट म्हणे!

२ मार्च

आमच्याच ओपीडीत येणारे त्या अभ्यासातले आणखी तिघं शोधले. तिघांचंही तेच, बूट काढलेच नव्हते. दोघांच्या बोटांची हाडं गेलेली. त्यांतल्या एक शाळेतल्या बाई होत्या. "आता कळून काय उपयोग, डॉक्टर?" म्हणाल्या. औषध वाढवून दिलं.

९ मार्च

ज्या नियतकालिकात तो निबंध आला, त्याच्या संपादकांना पत्र पाठवलं. चार रुग्ण, चार एक्स-रे. भाषा एकदम सभ्य. सातवा खर्डा आहे, सभ्य होणारच!

नवरा म्हणाला, "आधी तिला एक फोन कर."

"का म्हणून?"

"मैत्रीण होती तुझी."

"होती."

तो उठून भांडी घासायला गेला. फार आपटत होता.

२४ मार्च

पत्र छापून आलं! पहिल्यांदा एवढ्या लोकांनी माझं काही वाचलं. डीन जिन्यात थांबून म्हणाले, "धाडस लागतं याला." विभागातली पोरंपोरी एकदम उठून उभी राहायला लागलीत.

संध्याकाळी आकडा बघितला. नऊशे एकाहत्तर. त्यातलं एक माझं! तिला खोटं ठरवायचं तरी तिचा दाखला द्यावाच लागतो. नवऱ्याला सांगितलं तर हसून हसून मुरकुंडी वळली त्याची. मलाही हसू आलं, पण जळलंही.

१ एप्रिल

तिचं उत्तर अजून नाही. काय लिहिणार? तोंड आहे का लिहायला?

मुलाखत वीस तारखेला. नवी साडी काढून ठेवली.

११ एप्रिल

महाराणीचा फोन. कितीतरी वर्षांनी. आवाज तोच.

"जुने तपासणीचे कागद काढले गं. तुझे चौघं सापडले. 'पाय : सूज नाही' अशी खूण आहे चौघांच्याही कागदावर. आणि खाली सही तुझी आहे. संपादकांना मी कळवलंय, प्रमुख लेखिका मी, चूक माझी. सही कुणाची ते लिहिलेलं नाही. आणि अर्ज मागे घेतलाय."

मी "बरं" म्हणाले. नुसतं बरं.

वीस तारखेच्या मुलाखतीला आता मी एकटीच आहे.