तिच्यावानी दिसणारी बाई

१२ एप्रिल, हिर्डोशी

पुण्याच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, तात्या काय बोलतात ते रोज लिहून ठेव. वही आणली, पेन आणलं आणि पंधरा दिवस नुसती चालढकल केली. कधी तोरण्यावर गड बघायला आलेले पाहुणे घेऊन जा, कधी उगाच एसटीनं भोर. माझं बूड एका जागी टिकत नाही. आता टिकवते.

तात्या म्हणजे माझे थोरले चुलते. हिरडा काढताना झाडावरून पडले, डोकं आपटलं. हात जुळला, बोलणं-चालणं ठीक. गुरं ओळखतात, मला ओळखतात. फक्त काकूला नाही. म्हणजे चेहरा ओळखतात, पण म्हणतात, "तिच्यावानी दिसती. ती न्हवं."

आज काकूनं भाकरी वाढली तर अदबीनं विचारतात, "बाई, तुमी जेवलात का? तुमचं गाव कुठलं?"

काकू आत येऊन मला म्हणाली, "तीस वर्सं 'अगं ए' म्हणून हाका मारल्या. आता मान देतोय मेला, त्यो बी परकी समजून." हसली. मग डोळे पुसत म्हणाली, धूर लई झालाय.

चूल विझलेली होती.

१४ एप्रिल

गावाचं म्हणणं, चकवा. रानात माणसाला वाट चुकवतो तो. त्या दिवशी काकू झाडाखाली हिरडा वेचत होती ना, मग रानातनं घरी परतली ती काकू नव्हेच, तिच्या रूपातला चकवा. तात्यांनी तेवढा बरोब्बर ओळखला! शेजारच्या वहिनींनी विरजण द्यायचं बंद केलं.

विहिरीवर बायकांना सांगितलं, डॉक्टरांनी सांगितलं ते माझ्या भाषेत. मेंदू म्हणजे एसटी. चेहरा बघणारा ड्रायव्हर नीट आहे. पण आपलं माणूस दिसलं की माया जागी करणारा कंडक्टर मागं बसलाय, त्याची घंटीची दोरी तुटली. ड्रायव्हरला बायको दिसते, पण घंटी वाजत नाही. मग तो बिचारा ठरवतो, ही आपली नव्हेच. खोटं नाही बोलत. मेंदूला गोष्ट जुळवावी लागते, तो जुळवतो. तुमचा पण जुळवतो, तुम्ही पण चकवा जुळवलाच की!

वहिनी म्हणाल्या, "मंग दोरी बांधून दे म्हणावं डाक्टरला."

बांधली जाईल का, कधी, डॉक्टरांनाही सांगता आलं नव्हतं. पण म्हणून चकवा खरा ठरत नाही.

१७ एप्रिल

आण्णांनी, म्हणजे माझ्या वडलांनी, देवऋषी आणला. त्यानं तांदूळ टाकले आणि निकाल दिला: बाईला सव्वा महिना घराबाहेर काढा.

मी भांडले. आण्णा म्हणाले, "बारावीला दोनदा बसलेली पोरगी आमाला मेंदू शिकवती."

म्हटलं, "मेंदू पास झाल्यावर मिळत न्हाई, आण्णा. सगळ्यांनाच असतो."

आण्णांनी हात उगारला होता. खाली घेतला.

शेवटी काकूच म्हणाली, जाते बहिणीकडं सारोळ्याला. "चकवा म्हणून न्हाई जात. रोज त्यांच्या डोळ्यात परकी हुयाचं, त्याला दमले."

तात्या रस्त्यापर्यंत सोडायला आले. "बाई, सावकाश जावा. वाटंत आमची बायकू भेटली तर धाडून द्या."

गाडी सुटल्यावर मी त्यांच्याशी बोलले नाही. मग वाटलं, त्यांच्यावर का राग? दोरीवर राग काढता येत नाही म्हणून.

२१ एप्रिल, वेल्हे

पाहुणे तोरण्यावर नेले. अर्ध्या वाटेत एकाचा बूट उसवला, तो सुतळीनं शिवून दिला, त्यात तासभर. खाली बाजारात चहा पिताना आठवलं. डॉक्टर जाताजाता म्हणाले होते, आवाजाची वाट वेगळी असते, फोनवर बोलून बघा. मी तेव्हा मोबाईलवर मेंदूचं बघायला बसले आणि आठ हातांच्या समुद्री प्राण्यावर पोचले. त्याच्या हातांतपण डोकं असतं म्हणे. आणि माझ्या डोक्यातून फोनचं सांगणंच निसटलं.

परवाच घरी जाऊन फोन लावते.

२३ एप्रिल, हिर्डोशी

लावला फोन. तात्यांच्या कानाला धरला.

"अगं ए! कुठं हायस तू? किती दिस झालं!"

पलीकडून काकूचं नुसतं नाक ओढणं.

"हितं एक बाई आली हुती. गरीब हुती. सैपाक तुझ्यावानीच करायची."

"मग ठिवून घ्यायची."

"गप ए! कुठं हायस?"

"सारोळ्याला. ताईकडं."

आण्णा दारात उभे. म्हटलं, "चकवा मोबाईलवर बोलतो काय हो आण्णा?" मग म्हणाले, "आवाज वळाखला. त्वांड वळाखंल तवा आण तिला."

का? घर तिचं नाही? तात्यांच्या मेंदूत एक तार तुटली म्हणून तिनं परवानगी मागायची? आणि 'नुसती तार' पण म्हणू नका मला. तीस वर्षांची माया एका तारेवर चालत असेल तर ती तार नुसती कशी?

२६ एप्रिल, सारोळे

काकूला न्यायला आलेय. आण्णांना विचारलं नाही, सांगून आले.

ती येत नाही म्हणते. तात्या रोज फोन करतात, ती रोज तासभर बोलते. "फोनवर मी त्यांची हाय. समोर गेले आन पुन्हा 'बाई तुमी' म्हणलं तर? हाय ते बी जाईल."

"म्हणू दे की. तू तूच आहेस."

"तुला सोपं हाय. तुला वळाखत्यात."

गप्प बसणारी मी नाही, म्हटलं, नुसता आवाज होऊन किती दिवस राहशील? त्यांची दोरी तुटलीय, तू का स्वतःला अर्धी करतेस? काकू रागानं परातीतलं पीठ बडवायला लागली. मीही रागानं हे लिहीत बसले. हायवेवरचे ट्रक नुसते

काकूची ताई बाहेरून ओरडली. उठून बघून आले. फाटकात तात्या. पुण्याच्या दवाखान्यातनं आणल्यापासून गावाची वेस न ओलांडलेला माणूस, भोरला गाडी बदलून, एकटे. धुतलेला सदरा. ताईला विचारतायत, "आमची हितंच हाय न्हवं? न्यायला आलोय."

काकूनं आतून ऐकलं. मी मोबाईल पुढं केला, म्हटलं, ताईच्या फोनवर लावते, आधी आवाज दे.

तिनं घेतला नाही. पिठाचे हात तसेच, दाराकडं निघाली आहे.