दोनशे शब्दांवर एक सेमिस्टर

११ सप्टेंबर २००६
इंग्रजी तुटकंफुटकं, तुर्की शून्य — आणि मी इज्मीरात! कृषी कॉलेजच्या विद्यार्थी-अदलाबदलीतून एक सेमिस्टर तुर्कस्तानात. मार्कांत माझाच पहिला नंबर. पण भाषा येत नाही म्हणून प्राचार्य नाव कापायला निघाले होते. बाबा मारेगावहून थेट त्यांच्या केबिनात! "शिकाले पाठवून राह्यले ना सर? सगळंच येत असतं तं पाठवता कायले?" सरांनी यादीत नाव पुन्हा लिहिलं. मी दाराबाहेर ताठ उभी.

१३ सप्टेंबर
वर्गात एक अक्षर कळलं नाही. नुसती मान डोलावली. तासानंतर नेर्मीन मॅडमनी सावकाश इंग्रजीत सांगितलं — ३० ऑक्टोबरला तोंडी परीक्षा, तुर्कीत. नापास झाले तर परत.

१४ सप्टेंबर
बाथरूममध्ये नळ सोडून रडले.

२ ऑक्टोबर
साबणाला इथं साबुन म्हणतात! हवेला हवा. दुनियेला दुनिया! म्हणजे थोडी तुर्की मी मारेगावच्या बाजारातच शिकून आले म्हणायची. फक्त कापूस वेगळा — पामुक.

८ ऑक्टोबर
वर्गाला कापसाच्या शेतात नेलं. बाकीची मुलं एका हातानं एकेक बोंड उकलत होती. मी ओढणीची ओटी बांधली आणि दोन्ही हातांनी सुटले! वेचणारी एक बाई, हातिजे, बघतच राहिली. "माशाल्ला!" म्हणाली. हा शब्द तर माहीतच होता! निघताना तिनं खुणेनंच पुन्हा बोलावलं. आता दर रविवारी जाईन. ती बोलेल, मी म्हणेन, चुकलं की ती हसेल.

३० ऑक्टोबर
समोर तिघं परीक्षक. दोन प्रश्न बरे गेले. मग चष्मेवाल्या सरांनी विचारलं — तुमच्याकडचे कापूसवाले शेतकरी जीव देतात, असं पेपरात वाचलं. खरं का?
माझ्याजवळ दोनशे शब्द. सगळे वापरले.
"खरं. माझ्या गावात दोघं. पण यंदाही सगळ्यांनी पेरलं. माझ्या बाबांनीही. मी त्यांच्यासाठी शिकते."
क्रियापद चुकलं, ते बोलतानाच कळलं. थांबले नाही.
पास!!
शेजारच्या बबनरावांकडे फोन लावला. आई आली. "त्याहिच्याच भाषेत बोलली तू? समद्याइसमोर?" तेवढ्यात बाबांनी फोन घेतला — "बोल बरं एक वाक्य!" मी बोलले. मग त्यांनी फोन बबनरावांच्या कानाला लावला असावा, लांबून आवाज आला, "आयका, आयका! माही निशिगंधा बोलून राह्यली!"

१८ डिसेंबर
इथल्या दोन मुली जानेवारीत आपल्याकडे येणार. पहिला महिना मारेगावला, आमच्याच घरी. आईला फोन केला. म्हटलं, त्यांना मराठीचा एक शब्द येत नाही.
आई म्हणाली, "येऊ दे. मी शिकवीन."