ड्रिल ठेवायचं की परत करायचं

२६ सप्टेंबर, शुक्रवार
ड्रिल आलं! एवढंसं आहे, हातात मावतं. खटका दाबला की गुणगुणतं. खोकं जपून ठेवलंय — आवडलं नाही तर दहा तारखेपर्यंत परत देता येतं.

सुजितने ढुंकूनही पाहिलं नाही. चाकणला कंपनीत अख्खी शिफ्ट बोल्ट आवळतो. "घरी आल्यावर मला स्क्रू दाखवू नकोस, वर्षाली." नाही दाखवत. सोसायटीचा सुतार गणपतीपासून "उद्या येतो" म्हणतोय, म्हणून हा उद्योग. पॅसेजच्या भिंतीला, पलंगापासून बाथरूमपर्यंत, स्टीलची दांडी बसवायची. सासऱ्यांना, म्हणजे मामांना, तिला धरून चालता यावं म्हणून.

मामा पलंगावरून बघत होते. "पिस्तूल हाय का गं ह्ये?"

२७ सप्टेंबर
आधी हॉलच्या भिंतीत करून पाहिलं. बिट सरसर आत. पांढरी भुकटी उन्हात तरंगत राहिली, मी बघत राहिले, आणि गॅसवरचं दूध उतू गेलं.

स्क्रूला तांदळाची पिशवी अडकवली तर प्लगसकट बाहेर. हलक्या ब्लॉकची भिंत. भोक पडतं झकास, पण भरवसा शून्य.

२८ सप्टेंबर
पॅसेजची भिंत काँक्रीटची. ड्रिल नुसतं केकाटलं, बॅटरी तापली, भिंतीला जेमतेम खळी पडली.

२९ सप्टेंबर
मामा जूनमध्ये गावी गोठ्यात घसरले, खुब्याचं ऑपरेशन झालं आणि इथे आले. डॉक्टर म्हणाले, दिवाळीपर्यंत आपले आपण चालले नाहीत तर धीर कायमचा जाईल. सध्या माझा खांदा धरून चालतात.

चालताना बोलत असतात. एवढासा पॅसेज, पण त्यात त्यांचं सगळं रान मावतं. शू-रॅकपाशी विहीर, फ्रिजपाशी जांभूळ. वॉशिंग मशीनशी शेजारच्या कोंडाजीचा बांध — तिथे मामा जरा तावातावाने चालतात. आज फ्रिज उघडताना मला खरंच सावलीत उभं असल्यासारखं वाटलं. सासूबाई त्या जांभळाखाली भाकरी घेऊन यायच्या म्हणे. मी त्यांना पाहिलेलं नाही. आता पाहिलंय असं वाटतं.

३० सप्टेंबर
सुजित जेवताना सहज म्हणाला, "बाबा नीट चालायला लागले की गावी जातील बघ. एक दिवस थांबायचे नाहीत."

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. दुपारभर बाल्कनीत उभी होते. हायवेवरून कोऱ्या गाड्यांचे ट्रेलर जात होते, एकामागे एक, पांढरं कापड पांघरून. सुजित शिफ्टला गेला की या घरात माझ्याशी बोलणारं दुसरं कोण आहे?

ड्रिल खोक्यात घातलं. चिकटपट्टी लावून मामांच्या पलंगाशेजारच्या टेबलावर ठेवलं. परत नेणारा माणूस परवा येईल. कारण लिहिलं: काँक्रीटला चालत नाही. खोटं नाही ते. सगळं खरंही नाही. मामांना म्हटलं, मशीन नीट नाही, बदलून आणते.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी
पूजेची हत्यारं आणि हळदकुंकू मामांपाशी ठेवून झेंडू आणायला खाली गेले होते. वर आले तर खोकं फोडलेलं! पलंगावर टॉवेल अंथरून त्यावर विळी, कात्री, सुजितचा पाना, आणि मधोमध ड्रिल. हळदीकुंकवाची बोटं ओढलेली. कुंकू फटींतून आत गेलेलं. बॅटरी काढून बाजूला ठेवली होती.

"आज त्याला बी इसावा," मामा म्हणाले. "हत्यार पुजलं की घरचं झालं."

आता हे कोण परत घेणार? मला हसू आलं. बरंही वाटलं, का ते कळेना.

तेवढ्यात सुजित कंपनीतल्या पूजेचे पेढे घेऊन आला. एक पेढा ड्रिलपुढे ठेवला.

४ ऑक्टोबर
आधी बारीक बिट, मग जाड. घाई केली की अडतं. बॅटरी चार्ज होईपर्यंत पॅसेजमध्ये फरशीवर बसून राहायचं. मामा खुर्चीवर बसून भोकाखाली कागदाचा द्रोण धरतात. भुकटी पडते त्यात, करडी, मऊ. "दम खा, माय," म्हणतात. काल स्वप्नात या भोकाला डोळा लावला होता मी. पलीकडून गार वारा येत होता आणि कुणीतरी बैलांना हाकत होतं.

५ ऑक्टोबर
दांडी बसली! दोन्ही पाय उचलून लोंबकळले. हलत नाही. तर निकाल: लहान आहे, काँक्रीटला रडतखडत चालतं, पण चालतं.

७ ऑक्टोबर
मामा एकटे चालले. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी. ओठ हलत होते, आवाज नव्हता. वॉशिंग मशीनपाशी पाय झपझप पडले, म्हणजे कोंडाजी भेटला असणार. काय म्हणाला ते मला कळलं नाही.

आनंद झाला. खूप झाला. आणि मग मोरीत जाऊन तोंड धुतलं.

९ ऑक्टोबर
आज मामांची एकदाही हाक नाही.

११ ऑक्टोबर, शनिवार
मामा म्हणाले, "सुजितला सांग, लातूरच्या गाडीचं तिकीट काढ. दिवाळी गावात करतो." मी भाकरी वाढता वाढता थांबले. ते ताटाकडे बघतच म्हणाले, "मशीन चांगलं व्हतं, तरी तू परत धाडायला निघालीस. कशापायी, ते कळलं व्हतं मला. म्हून तर पुजलं."