गार्गी भात खाऊन पळाली

प्रिय आत्या,

तू गेल्यापासून तुला लिहायचं मनात होतं, पण सांगण्यासारखं चांगलं काही नव्हतं आणि रडगाणं तुला कधीच आवडलं नाही. आज सकाळी कोपरीच्या मैदानावरून डोंबिवलीला परत आले, पायांची माती धुतली आणि लिहायला बसले. तुझी लेक पुन्हा वेगात पळते आहे. आणि ती जेवते आहे. दोन्ही गोष्टी एकदमच सांगते, कारण गेले काही महिने आपल्या घरात त्या एकमेकींच्या विरुद्ध उभ्या होत्या.

शाळेत जायच्या आधी मी तुझ्याकडेच शिकले ना? अक्षरं, पाढे आणि खो-खो, सगळं तुझ्या चाळीच्या गॅलरीत. पाढा चुकला तर तू हसायचीस, पण खो देताना हात आणि आवाज एकदम आले नाहीत, तर पुन्हा पहिल्यापासून! नियम म्हणजे नियम, हे माझ्या हाडात तिथेच मुरलं. मग तुझाच एक नियम मोडायची वेळ आल्यावर मला किती धडकी भरली असेल, सांग बरं?

‘पोट रिकामं, पाय मोकळे.’ किती सहज म्हणायचीस हे.

तू गेलीस आणि गार्गीने ते वाक्य घट्ट धरलं. आधी रात्रीचा भात सुटला, मग पोळी एकावर आली. काकांनी विचारलं की म्हणायची, आई सांगायची तसंच करतेय. आईचं नाव निघाल्यावर बाप असूनही काका काय बोलणार? ते तिचं ताट झाकून ठेवायचे आणि सकाळी ते तसंच असायचं. जिल्हा संघाच्या निवडीसाठी हलकं व्हायचं, एवढंच तिच्या डोक्यात होतं. वजनकाट्यावर आकडा उतरला की तिचा चेहरा खुलायचा.

मी तेव्हा क्रीडाशास्त्राच्या अभ्यासासाठी खो-खो खेळणाऱ्या मुलींची मापं घेत होते. तीस मीटर किती वेगात पळतात, अंगात चरबी किती, स्नायू किती. तू असतानाही गार्गीची मापं घेतली होती, आठवतं? चरबी मोजायचा माझा चिमटा बघून तू म्हणाली होतीस, याला यंत्र कशाला, माझी बोटं आहेत की! काकांना विचारून मी तीच मापं पुन्हा घेतली. दंडाला चिमटा लावला तेव्हा ती म्हणाली, “ताई, तू भेटायला येतेस की चिमटे काढायला?” मी हसले. कागदावर आकडे उतरवल्यावर मात्र हसू राहिलं नाही.

ती हलकी झाली होती आणि हळूही झाली होती. चरबी जवळजवळ तेवढीच. कमी झाली होती ती मांडी. बसल्या जागेवरून उठून झेप घ्यायची ताकद जिथे असते, तेच ती झिजवत होती. दुसऱ्या दिवशी मी तिला समोर बसवून सगळं सांगितलं. उपाशी राहून तुझे पाय मोकळे होत नाहीयेत, म्हटलं. ती रडली नाही. तिने विचारलं, “मग आई खोटं बोलायची का?”

आत्या, हो म्हटलं तर तिची आई जाणार, नाही म्हटलं तर तिचे पाय. तुझा रागच आला मला. एवढं वाक्य मागे ठेवून गेलीस, ते कधीसाठी होतं हे तरी सांगून जायचंस!

उत्तर दिलं ते काकांनी. ते तिथेच वाटाणे सोलत बसले होते. मान वर न करता म्हणाले, “ते फक्त सामन्याच्या सकाळपुरतं होतं गं. एरवी तुझी आई माझ्या ताटातला भात पळवायची.”

गार्गीचा विश्वासच बसेना. मग काका सांगत सुटले. सामना संपवून आलीस की आधी कुकर उघडायचीस म्हणे, हातपाय नंतर. तळाची खरवडही कुणाला सोडायची नाहीस. गार्गी हसता हसता रडायला लागली. हे मला आधी का नाही सांगितलं, असं तिने विचारलं, तेव्हा काका एवढंच म्हणाले, “तू आईचं नाव घेतलंस की माझा आवाजच फुटायचा नाही.”

त्यानंतर सगळं सुरळीत झालं असं समजू नकोस. डॉक्टरांना दाखवलं. भात, डाळ, अंडी हळूहळू वाढवली. वजनकाटा मी माळ्यावर टाकला. तरी मधे एकदा तिने भरलं ताट सरकवून दिलं आणि दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. मलाही शंका यायच्या. तिची निवड गेली तर? मीच तुझ्या लेकीला जड केलं असं झालं तर?

म्हणून आज स्टॉपवॉचच्या बटणावरच्या माझ्याच अंगठ्यावर माझा भरवसा नव्हता. मनात माया असली की घड्याळ लवकर थांबतं. ते मी नाईक मॅडमच्या हातात दिलं. त्या गार्गीच्या क्लबच्या नव्या प्रशिक्षक, त्यांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. गार्गी सरळ पळाली, मग खांबाला वळसे घालून पळाली. दोन्हीत तू असतानाच्या वेळेपेक्षा वेगात, आणि वजन तेव्हापेक्षा जास्त! मी पुन्हा पुन्हा विचारायला लागले तेव्हा मॅडम म्हणाल्या, “अगं, घड्याळ बरोबर आहे. तूच जरा खाली बस.”

बसले मी तिथेच, मातीत.

खरं तेच लिहायला हवं. वर्षभरात ती वाढलीही आहे, सगळं श्रेय भाताला देता येणार नाही. एका मुलीच्या मापांवरून सिद्धही काही होत नाही. निवड अजून व्हायची आहे आणि ती होईलच असं नाही. पण पळून झाल्यावर ती नळावर तोंड धुऊन आली आणि सगळ्या मुलींसमोर मोठ्याने म्हणाली, “ताई, जाम भूक लागलीय.” किती महिन्यांनी ऐकला हा शब्द तिच्या तोंडून! स्टेशनजवळ आम्ही पोटभर जेवलो. कशाने किती वजन वाढेल, हे तिने एकदाही विचारलं नाही.

आत्या, तुझे नियम मी मैदानावरच्या मुलींना सांगत राहीन, पण अर्धे सांगणार नाही. कोणत्या वेळचे, कशासाठीचे, आणि सामना संपल्यावर तू काय करायचीस, तेही सांगेन. गार्गीने पुन्हा कधी ताट सरकवलं, तर हिशेब मांडणार नाही. शेजारी माझं ताट वाढून घेईन आणि ती घास घेईपर्यंत बसून राहीन.

तुझीच भाची,
मृण्मयी