नकाशातला डावा हात

आई, तुला जाऊन बावीस वर्षं झाली आणि गेल्या गुरुवारपासून मी तुझ्यावर इतकी चिडले आहे की तू समोर असतीस तर भांडी आपटली असती. तू होतीस तेव्हा कधी आपटली नाहीत. तेव्हा मी गुणाची पोर होते, शेजारपाजारच्या बायका तसं तुला सांगायच्या आणि तू पदर सावरत खूश व्हायचीस. आता माझी एक्कावन्न वर्षं झाली, केस पांढरे झाले, कॉलेजात पोरं मला घाबरतात, आणि मी सकाळी चहात साखर घालताना उजव्या हातातल्या चमच्याकडे बघून दातओठ खाते आहे. माझ्या एका विद्यार्थिनीची पुण्याच्या प्रयोगशाळेतली जागा माझ्यामुळे गेली. माझ्यामुळे म्हणजे तुझ्यामुळे. हे तुला ऐकावंच लागेल. पाठवायला पत्ता नाही, म्हणून काय झालं!

मी डावखुरी जन्माला आले, यात माझा काय गुन्हा होता गं? नाशिकरोडच्या त्या दोन खोल्या, ओट्यापाशी पाट मांडून मी शुद्धलेखन लिहिते आहे, आणि तू पोळ्या लाटता लाटता मागे वळून बघतेस. पेन्सिल डाव्या हातात दिसली की उलथणं मनगटावर. एकदा ते तव्यावरून नुकतं काढलेलं होतं. तू मुद्दाम केलं नाहीस, मला माहीत आहे, पण डाग आहे अजून. मग तुला युक्ती सुचली. जुन्या परकराची नाडी काढलीस आणि माझा डावा हात खुर्चीच्या दांडीला बांधून टाकलास, रोज अभ्यास संपेपर्यंत. "एकदा वळण लागलं की मलाच दुवा देशील," असं म्हणायचीस. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी समोरच्या काकूंना डाव्या हाताने तिळगूळ दिला, तेव्हा सगळ्या बायकांदेखत माझ्या हातातली वाटी हिसकावून घेतलीस. "डाव्या हाताने देतात का कुणाला? कुणी काही शिकवलंच नाही असं वाटेल!" काकू बिचाऱ्या म्हणत होत्या, अहो राहू द्या, लहान आहे. मी सात वर्षांची. तो तिळगूळ मी नंतर मोरीत टाकला, हे तुला कधी कळलं नाही.

वळण लागलं. अक्षर मोत्यासारखं झालं. पण त्या बांधाबांधीत माझं डावं-उजवं जे मोडलं ते मोडलंच. आजही रिक्षावाल्याला "डावीकडे घ्या" म्हणायचं तर मी आधी मनगटावरचा डाग शोधते. डाग आहे तो डावा. तोवर रिक्षा पुढे गेलेली असते, आणि रिक्षावाला म्हणतो, "मावशी, नक्की कुठं जायचंय तुम्हाला?" गाडी शिकायला गेले तर शिकवणाऱ्याने चौथ्या दिवशी हात जोडले. यावर आम्ही घरात हसतो. आजवर हसण्यावारीच नेलं सगळं.

मी काय काम करते हे तू असताना मला धड सांगता आलं नाही, तू "जंतूंचं काहीतरी" म्हणायचीस. आता ऐक. निफाडकडच्या बागांमध्ये द्राक्षाच्या वेलींना एक विषाणू लागतो. पानं कडेने खाली वळतात, लाल पडतात, मण्यांत गोडी भरत नाही. या विषाणूचा सगळा मजकूर आरएनए नावाच्या धाग्यावर लिहिलेला असतो. वेलीच्या पेशीकडे अशा लांबलचक आरएनएवरून पुन्हा आरएनए उतरवून घेणारं अवजार नसतं, तिला ते कधी लागतच नाही. म्हणून विषाणू आपला नकलनवीस आपणच घडवतो. तो पेशीत शिरला की पेशीकडून आधी ते एक एन्झाइम बनवून घेतो, आणि मग ते एन्झाइम नकलांवर नकला काढत सुटतं. घाईत चुका करतं, आणि चूक झाली तर सहसा मागे वळून बघत नाही. त्या चुकांमधूनच विषाणू बदलत राहतो. हे एन्झाइम अडवता आलं तर विषाणू वाढणारच नाही, म्हणून ते दिसतं कसं हे आम्हाला बघायचं होतं. आणि ते दिसतं कसं, माहीत आहे? अर्धवट मिटलेल्या उजव्या हातासारखं. खरंच. जगभर सगळे त्याच्या भागांना तळवा, बोटं आणि अंगठा असंच म्हणतात. तळव्यात धातूचे दोन कण धरलेले असतात, नवं अक्षर धाग्याला जोडलं जातं ते तिथे. बोटं मूळ धागा नीट धरून ठेवतात, अंगठा नवा धागा निसटू देत नाही. बोटांची टोकं पुढे येऊन अंगठ्याला टेकतात, त्यामुळे मधे एक बोगदा तयार होतो. एका बाजूने मूळ धागा आत येतो, मागच्या भोकातून सुटी अक्षरं येतात, पुढून दुहेरी धागा बाहेर पडतो. उजवा हात बरं का, आई. तुझ्या पसंतीचा.

पुण्याच्या प्रयोगशाळेने हे एन्झाइम बर्फात गोठवून सूक्ष्मदर्शकाखाली त्याच्या असंख्य सावल्या टिपल्या आणि संगणकाने त्या जुळवून एक नकाशा केला. नकाशा म्हणजे पडद्यावर दिसणारा धुक्याचा गोळा. त्या धुक्यात एन्झाइमचे तुकडे एकेक करून बसवायचं काम त्यांनी माझ्याकडे दिलं. माझ्यासारख्या नाशिकच्या कॉलेजातल्या बाईला असं काम मिळणं ही साधी गोष्ट नव्हती. सोबतीला मी माझी विद्यार्थिनी घेतली. ती हरसूलच्या पुढच्या पाड्यावरची, एम.एस्सी. झालेली, बोलायला कमी आणि नजर घारीची. प्रयोगशाळेच्या प्रमुख बाई म्हणाल्या होत्या, काम नीट झालं तर तिला जूनपासून इथे घेऊ, पुढे पीएच.डी.चंही बघू. ती हे ऐकून आली तेव्हा डिपार्टमेंटच्या शिपायापासून सगळ्यांना तिने पेढा दिला होता. म्हणजे जे काही पणाला लागलं होतं ते तिचं होतं. माझी नोकरी पक्की आहे.

या नकाशात एक खोड असते. नुसत्या सावल्यांवरून संगणकाला खरा आकार आणि त्याचं आरशातलं रूप यांत फरक करता येत नाही. दोन्ही तितकीच बरोबर दिसतात. ते माणसाने बघायचं असतं. प्रथिनात स्प्रिंगसारखी वेटोळी असतात, ती नेहमीच्या स्क्रूच्या आट्यांसारखी उजवीकडे वळतात. नकाशात ती डावीकडे वळलेली दिसली की समजायचं, सगळा नकाशाच उलटा आहे, आणि तो पालटून घ्यायचा. शिकाऊ पोरंसुद्धा पहिल्या दिवशी हे तपासतात. मीही तपासलं. पडद्याकडे बघितलं, मनगटाकडे बघितलं, पुन्हा पडद्याकडे. नकाशा जरा पुसट होता. मी स्वतःला म्हटलं, उजवंच आहे. आणि तुकडे बसवायला घेतले. बोटं बसली, तळवा कसाबसा बसला, अंगठा काही केल्या बसेना. तो दुसऱ्याच बाजूला जायला बघत होता. मग काय, मला साक्षात्कार झाला! मला वाटलं, या विषाणूचा अंगठा वेगळ्या बाजूला फिरलेला आहे, असं आजवर कुणी पाहिलेलं नाही. तीन महिने मी त्या अंगठ्याच्या मागे होते. रविवारीसुद्धा डिपार्टमेंट उघडून बसायचे. झाडूवाल्या मावशी म्हणायच्या, "मॅडम, घरदार हाये का नाय तुमाला?"

फेब्रुवारीत एक दिवस ही मुलगी माझ्या खुर्चीमागे उभी राहिली. "मॅडम, एक बोलू का? रागवू नका. मला ही वेटोळी डावीकडं वळल्यासारखी वाटतात. नकाशाच उलटा असंल तर?" मी पडद्याकडे पाहिलं. आई, मला कळेना. खरंच कळेना. ती डावीकडे होती की उजवीकडे हे मला सांगताच येईना, आणि तिच्यासमोर मनगटाकडे बघायची लाज वाटली. एवढी मोठी बाई, पीएच.डी. झालेली! मी म्हटलं, "नीट बघ, उजवीकडेच आहेत. आणि आधी वाचत जा, मग बोलत जा." ती "हो मॅडम" म्हणाली आणि आपल्या जागेवर जाऊन बसली. पुन्हा तिने विषय काढला नाही.

गुरुवारी मीटिंग होती. पुण्याची सगळी मंडळी पडद्यावर, इकडे मी आणि ती एकाच संगणकासमोर, खुर्चीला खुर्ची लावून. मी अंगठ्याची कथा सांगायला सुरुवात केली. पाच मिनिटं झाली नसतील, प्रमुख बाईंनी चित्र आपल्याकडे घेतलं, एकदा फिरवलं आणि हसायलाच लागल्या. "अहो मॅडम, हा तर डावा हात आहे! नकाशा पालटलाच नाही तुम्ही!" पलीकडे सगळे हसले. त्यांचं हसू वाईट नव्हतं, त्यांच्याकडेही असं होतं म्हणे कधीमधी. मग त्या म्हणाल्या, "तुमच्या त्या विद्यार्थिनीने बसवलं असेल ना? नवीन आहे, होतं असं. पण एवढं बेसिक... तिला एक वर्ष अजून तुमच्याकडेच राहू द्या, पुढच्या वर्षी बघू." मी तोंड उघडलं होतं. देवाशपथ उघडलं होतं. आणि मग म्हटलं, "हो, बघू या." ती माझ्या कोपराला कोपर लागेल इतक्या जवळ बसली होती. तिने कीबोर्डकडे पाहिलं, माझ्याकडे नाही.

तेव्हापासून मी तुझ्याशी भांडते आहे. भाजी चिरताना, वर्गात हजेरी घेताना, आंघोळ करताना. मला तू पांगळं केलंस असं म्हणते. लोक काय म्हणतील म्हणून पोरीचा हात बांधून ठेवणारी आई काय कामाची, असं म्हणते. स्कॉलरशिपमध्ये नंबर आला तेव्हा तू शाईचं पेन आणलंस आणि माझ्या उजव्या हातात ठेवून म्हणालीस, "बघ, कुणामुळे?" आणि मी तुझ्या पाया पडले. त्याचा मला सगळ्यात जास्त राग येतो, त्या पाया पडण्याचा. आणि भांडून भांडून दमले की एक गोष्ट कुरतडत राहते. मला डावं-उजवं कळत नाही, ही तुझी करणी, मान्य. पण फेब्रुवारीत "मला कळत नाही गं, तूच सांग" एवढं म्हणायला कुणी अडवलं होतं? आणि गुरुवारी? तुझं नाव घेऊन मी तेवढी बाजू झाकते आहे. तरी तुझ्यावरचा राग जात नाही. दोन्ही खरं आहे.

आज दुपारी ती डिपार्टमेंटची किल्ली द्यायला आली. मी दार लावून घेतलं आणि म्हटलं, "मी आत्ता पुण्याला फोन करते. चूक माझी होती, तू मला आधी सांगितलं होतंस, सगळं सांगते. जागा अजून भरलेली नाही." ती किल्ली टेबलावर ठेवून उभी राहिली. म्हणाली, "राहू द्या मॅडम. मी बी.एड.चा फॉर्म भरला. तिकडं आश्रमशाळेत विज्ञानाला कुणी नाही." मी म्हटलं, अगं वेडी आहेस का, तुझं सगळं आयुष्य आहे पुढे. तेव्हा ती पहिल्यांदा माझ्याकडे बघून बोलली. "त्या दिवशी मीटिंगमध्ये तुम्ही बोलला असता तर गेले असते. आता तुम्ही फोन केला तरी मी त्यांच्यात जाऊन बसणार नाही. नका करू." तिच्या आवाजात राग नव्हता. नमस्कार करून गेली.

मी फोन हातातच धरून बसले होते. आई, हे पत्र कुणी वाचणार नाही म्हणून तुला सांगते. ती "नका करू" म्हणाली, तेव्हा तिच्यासाठी वाईट वाटायच्या आधी मला हायसं वाटलं.