साडूभाऊचा चमकता मॅनिफोल्ड

बुधवार, संध्याकाळ. अकोला.

डोकं अजून तापलेलंच आहे. माझे पातूरचे साडू रमेशभाऊ सकाळी जठारपेठेतल्या माझ्या गॅरेजात आले. त्यांच्या जुन्या पेट्रोल जीपचा इनटेक मॅनिफोल्ड, म्हणजे इंजिनात हवा नेणारा पाइपांचा जुडगा, तडकला होता. ही जीप झेंडूचे कट्टे लादून घाट चढते, म्हणून मी लांब पाइपांचा मॅनिफोल्ड बनवून ठेवला होता. लांब पाइप असले की इंजिन हळू फिरतानाही जोरात ओढतं. आखूड पाइपांची ताकद येते ती इंजिन किंचाळायला लागल्यावर. पण रमेशभाऊंची नजर गेली अमरावतीच्या रेसवाल्यांच्या तसल्याच जीपसाठी केलेल्या आखूड मॅनिफोल्डवर. चकचकीत होता ना.

"हा काहून नाही? पाह्य कसा चमकून राहिला."

"भाऊ, रेसचा आहे तो. तुमाले घाट चढाचा आहे."

"मले नको शिकवू. मोबाइलवर पाह्यलं मी."

चमकतो म्हणे. बोनेटखाली कोण पाहून राहिलं? झेंडू? साडू पडले, बसवून दिला. खूश होऊन त्यांनी माझ्या गॅरेजचं मोठं स्टिकर मागितलं आणि स्वतःच्या हातानं मागच्या काचेवर चिकटवलं.

आत्ता फोन आला. भरल्या जीपनं घाटाच्या पहिल्याच वळणावर मान टाकली आहे. मला वाटलं, आता तरी चूक कबूल करतील.

"लोकं जमले रे. बोनेट उघडून दाखवून राहिलो. सारे म्हणतात, काय चमकते."

आणि मागून येणारी प्रत्येक गाडी माझं नाव वाचत पुढे जाते आहे.