जहाजावर कॅप्टन हवाच

१० एप्रिल
बायकोने क्लासमध्ये चित्र काढलंय. खवळलेला समुद्र, कललेलं जहाज. हल्ली माझ्याशी कामापुरतंच बोलते, म्हणजे मनातलं सगळं चित्रात उतरणारच. अर्थ उघड आहे. जहाज म्हणजे आमचा संसार. लाटा म्हणजे माझी रिटायरमेंट. तरी बुडत नाही, कारण कॅप्टन मी!
संकल्प: रविवारी क्लासच्या प्रदर्शनात लोकांना हे समजावून सांगणे.

११ एप्रिल
भिंग घेऊन पाहिलं. जहाजावर कॅप्टनच नाही. विसरली असणार. कोपऱ्यात एक होडी, त्यात एकटी बाई वल्हवतेय. जहाजाच्या मदतीला येतेय बिचारी. होडीचं तोंड भलतीकडे आहे, पण शिकाऊ हात, चालायचंच. बायकोला अर्थ सांगितला. म्हणाली, तुम्हाला हवं ते समजा. थोडक्यात, होकार.

१३ एप्रिल, सकाळी
भाषण लिहून झालं. बायको म्हणाली, हात जोडते, तिथे काही बोलू नका. लाजते.

१३ एप्रिल, दुपारी
ती भाजी आणायला गेली तेवढ्यात तिच्याच ब्रशने कॅप्टन काढला. ऐटीत, मिशीसकट. मिशी जरा पसरली. पुसायला गेलो तर टोपीही पसरली. लांबून झकास दिसतो. बायकोला सरप्राइज.

१४ एप्रिल, रविवार
भाषण रंगात आलं होतं. मध्येच एका बाईंनी विचारलं, जहाजावर कावळा का बसलाय? सगळे हसले. बायको नाही हसली. चित्राजवळ जाऊन बघत राहिली. मग म्हणाली, जहाज मी मुद्दाम रिकामं ठेवलं होतं. एवढं एक चित्र तरी माझं राहू द्यायचं होतंत.
घरी येताना विषय बदलावा म्हणून विचारलं, होडी जहाजापाशी कधी पोचणार? म्हणाली, ती तिथूनच निघालीय.

१५ एप्रिल
बायको लेकीकडे जातेय. चार दिवस हवापालट होईल, बरंच आहे. बॅगेत स्वेटरही भरले. एवढ्या उकाड्यात! पहिल्यापासून जरा जास्तच सामान घेते. रिक्षापर्यंत बॅग नेतो म्हटलं. नको म्हणाली.

१६ एप्रिल
घर खायला उठलंय. खरं सांगायचं तर भीती वाटतेय.
संध्याकाळी लेकीचा फोन. आई नीट पोचली म्हणाली. तिला दे म्हटलं. लेक म्हणाली, बाबा, आई सांगतेय की ती झोपलीय.